अमेयच्या पुढचं नाव

कॅनडाहून परतल्यापासून भेटेल तो विचारतो, नायगरा पाहिला का. नाही पाहिला. नायगरा त्या देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. मी गेलो होतो पश्चिमेकडे, व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नाबीत, आणि तिथून एका बेटावर. मी पाहिला तो पाऊस, एक लहानशी दफनभूमी आणि एका म्हातारीचं स्वयंपाकघर. एवढ्यावर ज्यांचं भागेल त्यांनी पुढे वाचावं.

माझा मुलगा अमेय बर्नाबीत सॉफ्टवेअरच्या कामावर होता. गेल्या वर्षी पौषात, डोंगरांतून जाणाऱ्या महामार्गावर, डोळ्यांना न दिसणाऱ्या बर्फाच्या थरावर त्याची गाडी घसरली. माझ्याकडे व्हिसा नव्हता. अंत्यविधी मी मिरजेत, टेबलावर पुस्तकाला टेकवून ठेवलेल्या फोनवर पाहिला. व्हिसा हातात आला तेव्हा वर्षश्राद्ध जवळ आलं होतं.

अमेयची बायको लेलानी. ती तिकडच्या एका शाळेत शिकवते. लग्नाच्या वेळी तिला आधीच्या संसारातली तीन वर्षांची मुलगी होती, टेसा. ती आता नऊ वर्षांची आहे. अमेयला स्वतःचं मूल झालं नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे.

लेलानीचे पूर्वज हवाई बेटांवरचे. फरच्या व्यापाराच्या काळात तिथले पुष्कळ लोक मजुरीच्या करारावर कॅनडाच्या या किनाऱ्याला आले. करार संपल्यावर काहीजण परत गेले नाहीत. त्यांनी इथल्या मूळनिवासी बायकांशी संसार मांडले आणि बेटांवर शेती केली. लेलानीच्या मावशीला त्यांच्या जुन्या सरदारांची वंशावळ तोंडपाठ आहे, हे अमेयनेच मला एकदा फोनवर सांगितलं होतं. "बाबा, तुमच्या आणि मावशीच्या जुगलबंदीला मी तिकीट लावणार आहे," असं म्हणून तो हसला होता. माझी सारी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. व्हिसाची वाट पाहण्याच्या महिन्यांत मी या सरदारांविषयी मिळेल ते वाचून काढलं. दुसरं काही करवत नव्हतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी चुलतभाऊ वसंता घरी आला. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती तो काढतो आहे. बराच वेळ चहाचा कप हातात फिरवून त्याने विचारलं, "दादा, छपाईला द्यायचं म्हणून विचारतो. अमेयच्या नावापुढे काय घालू? 'नि.' घालू?"

नि. म्हणजे निर्वंश. आमच्या कुलवृत्तांतात ज्याच्यामागे मूल नाही त्याच्या नावापुढे हे अक्षर येतं आणि ती फांदी तिथे संपते.

"परत आल्यावर सांगतो," मी म्हणालो. प्रवासाला जाताना माझ्याजवळ हा एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला ठाऊक आहे असंच मी धरून चाललो होतो.

बर्नाबी

विमानतळावर माझ्या पिशवीतले दर्भ काढून घेतले. वाळलेलं गवत देशात आणता येत नाही. तपासणीवरची बाई अगदी नम्र होती. हे कशासाठी, असं तिने विचारलं. मुलासाठी, म्हटलं. तिने ते एका पिवळ्या डब्यात टाकले.

न्यायला मंदार आला होता. हा अमेयचा मित्र, मूळचा नागपूरचा. वाकून नमस्कार करून त्याने बॅग ओढून घेतली आणि एक जाड जॅकेट पुढे केलं.

"काका, हे घाला आधी. इकडे बर्फ कमी, पण हा पाऊस हाडात शिरते नं बाप्पा. टोरंटोवाले बर्फ शोव्हल करून थकतात, आम्ही छत्र्या हरवून थकतो."

जॅकेटची कॉलर मला ओळखीची वाटली. फोनवर अमेयच्या अंगात ती पाहिली होती.

गाडीत तो म्हणाला, "लेलानी सगळं रिस्पेक्ट करते, काका. तुम्ही फक्त एक्स्प्लेन करा. टेसा मात्र हल्ली बोलत नाही फारशी. स्विमिंग होतं, तेपण क्विट केलं तिनं. अमेय न्यायचा नं."

लेलानीचा फ्लॅट, तिकडे कॉन्डो म्हणतात, अकराव्या मजल्यावर आहे. दारात तिने मला "बाबा" म्हणून हाक मारली आणि दोन्ही हात धरले. तिच्यामागून टेसा आली. हात जोडून "नमस्कार आजोबा" म्हणाली, लगेच इंग्रजीत प्रवास कसा झाला विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत खोलीत निघून गेली. केस कुरळे, चेहरा गंभीर. मला ती एखाद्या घरी तात्पुरती ठेवलेल्या मुलीसारखी वाटली. हे तिचंच घर होतं आणि पाहुणा मी होतो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

श्राद्ध दुसऱ्या दिवशी दुपारी केलं. तिथली दुपार म्हणजे मिरजेची मध्यरात्र, म्हणून गुरुजींनी मंत्र आधीच रेकॉर्ड करून पाठवले होते. "आता पाणी सोडा," असं म्हणून ते थोडं थांबत. मला पाणी सोडायला वेळ लागायचा, तोवर गुरुजी पुढच्या मंत्राला लागलेले असत. मंदारने कुठल्याशा बागेतून दर्भाच्या जागी साधं गवत आणलं होतं. काळे तीळ इंडियन ग्रोसरीत मिळाले. लेलानी शेजारी बसून सगळं पाहत होती. बापाने मुलाचं श्राद्ध करायचं, या गोष्टीला कुठल्याच भाषेत समजावून सांगायची गरज पडत नाही.

सगळं आटपून मी पान गॅलरीत ठेवलं तेव्हा दिवस कलला होता. त्याच वेळी आभाळ काळं झालं. लेलानीने सांगितलं की थंडीत रोज संध्याकाळी आसपासच्या सगळ्या गावांतले कावळे रात्रीच्या वस्तीला बर्नाबीत येतात. हजारो कावळे होते. सगळे आमच्या इमारतीवरून पूर्वेकडे चालले होते. एवढे कावळे मी एका वेळी जन्मात पाहिले नव्हते, आणि त्यांतला एकही खाली उतरत नव्हता.

टेसा काचेमागून पाहत होती. तिने हळूच दार उघडून विचारलं, "आजोबा, हाऊ डू यू नो विच वन इज हिम?"

ते कळत नाही, मी सांगितलं. जो शिवेल तो. आणि कुणीच शिवला नाही तर? तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहून गेली आहे असं आम्ही मानतो. मग घरच्यांनी ती ओळखायची आणि पुरी करण्याचं वचन द्यायचं. वचन खरं असलं की कावळा येतो.

मिरजेत दहाव्या दिवशीही कावळा शिवला नव्हता. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला होता. आता गॅलरीत मी मनातल्या मनात एकेक वचन दिलं. तुझी पुस्तकं मी सांभाळीन. तुझ्या आईचा फोटो इथे पाठवून देईन. कुलवृत्तांतात तुझं नाव नीट येईल. कावळे जातच राहिले. अंधार पडल्यावर लेलानीने पान आत आणलं आणि काही न विचारता झाकून ठेवलं.

फेरीवर

लेलानीच्या घराण्याचे लोक सॉल्ट स्प्रिंग नावाच्या बेटावर पुरलेले आहेत. अमेयच्या निम्म्या अस्थी मिरजेला आल्या होत्या, त्या मी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत सोडल्या. उरलेल्या तिने या बेटावर पुरल्या. वर्ष झाल्यावर मावशीच्या घरी जेवण करायचं ठरलं होतं. शनिवारी सकाळी गाडीसकट आम्ही फेरीबोटीत चढलो.

फेरी कसली, चार मजल्यांची इमारतच पाण्यावर चालते. कॅन्टीनमध्ये लोक बटाट्याच्या तळलेल्या फोडी खात होते. बाहेर पाणी, आभाळ, बेटं सगळं एकाच राखाडी रंगाचं. टेसा वाफ धरलेल्या काचेवर बोटाने काहीतरी काढत होती आणि पुसत होती.

वाचलेलं बोलून दाखवायची मला खोड आहे. मी लेलानीला सांगू लागलो की त्यांच्या सरदारांचा दर्जा बापाइतकाच आईवरूनही ठरत असे. सख्ख्या बहीणभावांपासून झालेला सरदार सगळ्यांत थोर. तो बाहेर पडला की रयतेने जमिनीवर पालथं पडायचं. त्याच्या अंगावर सामान्य माणसाची सावली पडली तरी मरणाची शिक्षा. सरदार मेला की सारी जमीन नव्या सरदाराने पुन्हा वाटायची. कालचा मोठा माणूस आज रस्त्यावर.

"म्हणून वंशावळ पाठ असलेल्या माणसाला भाव होता," लेलानी म्हणाली. "सरदारांच्या बैठकीला कुणी नवा आला की दारातच विचारायचे, तुझा बाप कोण, आई कोण, त्यांचे आईबाप कोण. अडखळला की बाहेर. आणि रयतेला तर आजीआजोबांच्या पलीकडची नावं लक्षात ठेवायलाच मनाई होती, असं मावशी सांगते."

"का?"

"नावं आठवली की हक्क आठवतात, बाबा."

मला आमचं तर्पण आठवलं. बाप, आजोबा, पणजोबा. आम्हीही तिथेच थांबतो. पण आमच्याकडे हेळवी येत. बैलावर बसून गावोगाव फिरणारे, ज्याच्या दारात उभे राहतील त्याच्या पिढ्या घडाघडा म्हणणारे. लहानपणी आमच्या अंगणात हेळव्याने म्हटलेली बारा नावं मी तेव्हाच पाठ केली आणि अजून विसरलो नाही. लेलानीला मी हे अभिमानाने सांगितलं. टेसाने काचेवरचं बोट थांबवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, बैल ऐकून पाहिलं असेल.

सॉल्ट स्प्रिंग

मावशीचं नाव पर्ल. वय ऐंशीच्या पुढे, देह भरदार, केस पांढरेशुभ्र, पुढचे दोन दात नाहीत. सरदार गेल्यावर हवाईचे लोक शोकाने पुढचे दात पाडून घेत, हे मी वाचलेलं होतं. माझी नजर तिच्या लक्षात आली.

"पुस्तकं वाचून आलास वाटतं," ती म्हणाली. "कुणासाठी पाडले नाहीत. साखरेनं गेले."

तिच्यासमोर मी एकदम धाकटा झालो. मिरजेत मला आता वडीलकीने 'अरे' म्हणणारं कुणी उरलेलं नाही. ती इंग्रजीतच बोलत होती, पण मला ते एकेरीच ऐकू येत होतं.

आधी आम्ही दफनभूमीत गेलो. खाडीच्या काठी एक छोटं दगडी चर्च आहे, त्याच्या भोवती थडगी. दगडांवर इंग्रजी नावांच्या मध्येच स्वरांनी भरलेली लांब हवाईयन नावं. काही दगडांवर एकच तोकडं नाव. व्यापारी कंपनीच्या कारकुनांना पुरं नाव लिहायचा कंटाळा यायचा, लेलानी म्हणाली. अमेयचा दगड कडेला, एका जुन्या झाडाखाली. त्याच्यावर ओलं शेवाळ चढू लागलं होतं. ते मी रुमालाने पुसलं. दुसरं काय करावं ते कळेना. नदीत सोडल्यावर माणूस कुठेच नसतो आणि म्हणून सगळीकडे असतो, असं आपण मानतो. इथे तो एका जागी होता, थंडीत, आणि मला तिथून निघावंसं वाटेना.

"तुमच्या सरदारांची हाडं लपवून ठेवत ना?" मी विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं. "विश्वासाचा एकच माणूस रात्री नेऊन गुहेत ठेवायचा, आणि जागा कुणाला सांगायचा नाही."

"वैऱ्याने त्यांच्या हाडांचे मासे धरायचे गळ करू नयेत म्हणून," मावशी म्हणाली. "आम्ही नाही लपवत. लपवलं तर तण कुणी काढायचं?"

मग ती काठीवर भार देऊन उभी राहिली आणि वंशावळ म्हणू लागली. ते गाणं नव्हतं, साधं बोलणंही नव्हतं. एका सुरात, श्वास पुरेल तितकी नावं, मग थोडं थांबणं. भाषा कळत नव्हती, पण चाल लवकरच कळली. प्रत्येक ओळीत दोन नावं आणि शेवटी तिसरं. लेलानीने माझ्या कानाशी अर्थ सांगितला: अमका अमकीबरोबर राहिला, तमका जन्माला आला. तमका तमकीबरोबर राहिला. बायकोचं नाव नाही अशी एकही पिढी नव्हती. टेसा जीभ दातांत धरून ओठ हलवत होती. तिला बरंचसं येत होतं.

"तुम्ही खरंच सरदाराच्या वंशातले?" परतताना मी मावशीला विचारलं.

"या बेटावरचा प्रत्येक माणूस सरदाराचा पणतू आहे. वल्हं मारणाऱ्याचा पणतू तुला एक सापडायचा नाही."

"आमच्याकडेही तसंच. सगळ्यांचे पूर्वज पेशव्यांच्या पदरी. शिपाई कुणाचाच नाही."

ती इतकी हसली की तिला काठीचा आधार घ्यावा लागला. वर्षभरात मीही पहिल्यांदा हसलो असेन.

जेवणात सामन मासा होता, माझ्यासाठी भात आणि घेवड्याच्या शेंगा होत्या, आणि मधोमध लाकडी परातीत उकडलेले कंद. मी ओळखले. अळकुड्या! आमच्याकडच्यांहून मोठ्या, जांभळट शिरांच्या. खिडकीत एका कुंडीत अळूचं रोप होतं. त्याची तीन पानं काचेला टेकली होती.

"बाहेर जगत नाही, म्हणून घरात ठेवते," मावशी म्हणाली. "हा आमचा थोरला भाऊ."

मग तिने ती गोष्ट सांगितली. ती मी वाचली होती, तरी ऐकली. आकाशपित्याला पहिलं मूल झालं ते मेलेलंच. त्याला घराच्या कडेला पुरलं. तिथून अळू उगवला. दुसरं मूल झालं ते माणसाचं. त्याला मेलेल्या भावाचंच नाव ठेवलं आणि सगळे सरदार त्याच्यापासून झाले.

"म्हणजे वंशावळ सुरू होते ती ज्याला मूलबाळ झालं नाही त्याच्यापासून," ती म्हणाली. "धाकट्याने थोरल्याला सांभाळायचं, थोरल्याने धाकट्याला खायला घालायचं."

मी अळकुडी सोलत होतो. बोटांना तोच चिकट बुळबुळीतपणा. वसंताचं ते एक अक्षर डोळ्यांसमोर आलं आणि मी ते बाजूला सारलं.

"आता तू म्हण," मावशी म्हणाली.

तिच्या घरात अशी रीत आहे: वर्ष संपल्याच्या जेवणाला गेलेल्याच्या बाजूचा वडीलधारा आपला वंश म्हणतो. तेवढ्याने दोन घरं जोडली जातात. अमेयने ज्या जुगलबंदीचं तिकीट लावायचं ठरवलं होतं ती हीच असणार. मी उभा राहिलो. हेळवी उभा राहायचा तसा, हात मागे घेऊन.

"विठ्ठलाचा नारो. नारोचा भिकाजी. भिकाजीचा बाळाजी. बाळाजीचा नारो." आमच्याकडे आजोबा-पणजोबांचं नाव पुढच्या मुलाला येतं, त्यामुळे नावं येतात, जातात, पुन्हा येतात. कुठेही न अडखळता मी माझ्या वडिलांपर्यंत आलो, माझं नाव घेतलं आणि म्हणालो, "माझा अमेय."

मग मी बसलो.

मला वाटलं, दोन घरं जोडली गेली.

"बायका कुठे गेल्या?" मावशीने विचारलं. "तुमच्यात बाप्येच बाळंत होतात?"

लेलानी किंचित हसली. मीही हसलो. आमच्या वंशावळीत बायका नसतात, मी कबूल केलं. आई आणि आजी सोडली तर मलाही नावं ठाऊक नाहीत.

"बरं. आणि पुढे?"

"पुढे काय?"

"अमेयच्या पुढे."

"पुढे काही नाही. तिथे संपतं," मी म्हणालो. ग्रंथालयात कुणी पुस्तक मागावं आणि ते नाही म्हणून सांगावं, तशा आवाजात.

टेसा माझ्या शेजारीच बसली होती. माझ्यासाठी सोललेल्या अळकुड्यांची बशी तिच्या हातात होती. तिने ती बशी हळूच माझ्यासमोर ठेवली, खुर्चीवरून उतरली, दाराशी जाऊन बूट घातले आणि बाहेर गेली. दार आपटलंसुद्धा नाही. लेलानी तिच्यामागे गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता.

तेव्हा मला कळलं. पाच वर्षं अमेयने जिला शाळेत सोडलं, पोहायला नेलं, तापात उशाशी बसला, तिच्या देखत मी उभा राहून म्हटलं होतं की अमेयच्या पुढे कुणी नाही.

"मी पुन्हा म्हणतो," मी धडपडत उठलो. "त्यांना बोलवा. मी पुरं म्हणतो."

"नाही."

"एकच नाव राहिलं."

"तेच तर," मावशी म्हणाली. "आमच्या घरात म्हणताना नाव गळलं तर त्याच बैठकीत पुन्हा म्हणत नाहीत. पुढच्या वर्षी, याच दिवशी, इथेच. तुटलेला दोर लगेच गाठ मारून वापरला तर ओझं पडतं."

"मी एकाहत्तर वर्षांचा आहे. डॉक्टरांनी या खेपेलाच कसंबसं सोडलं."

"मी त्र्याऐंशीची. मग दोघांनाही जपायला हवं." ती उठली आणि माझी बशी माझ्याकडे सरकवली. "खा. तिने सोललंय."

मी खाल्लं. घशाला खाज आली. त्या कंदाला असते तशी.

परतताना

संध्याकाळच्या फेरीत लेलानी गाडीतच बसून राहिली, डोळे मिटून. टेसा वर आली आणि मीही आलो. ती बाकाच्या एका टोकाला, मी दुसऱ्या. बराच वेळ आम्ही खिडकीतून काहीच न दिसणारं पाणी पाहिलं.

"टेसा, माझी चूक झाली. मी विसरलो," मी तिला कळेल अशा इंग्रजीत म्हणालो.

तिने मान हलवली. "यू डिडन्ट फर्गेट. विसरणं इज डिफरंट. तुम्ही थांबलात."

मी रुमालाने काचेवरची वाफ पुसली.

काही वेळाने ती स्वतःशीच पुटपुटू लागली. मला वाटलं, मावशीची हवाईयन नावं असतील. मग एक नाव कानावर आलं, "भिकाजी". भ तिला नीट म्हणता येत नव्हता. विठ्ठलाचा नारो, नारोचा भिकाजी. एकेक नाव बोटाच्या पेरावर मोजत, बाराच्या बारा.

"कुणी शिकवलं?"

"अमेयबाबा. झोप नाही आली की वी डिड द नेम्स. मेंढ्या मोजण्याऐवजी." तिने मोजती बोटं मिटली. "ही सेड आय कुड हॅव देम."

हवी तर ती नावं तू घे, असं अमेय तिला म्हणाला होता. मी कितीतरी वेळ तेच वाक्य धरून बसलो. माझा मुलगा मला हे कधी बोलला नव्हता. मी विचारलंही नव्हतं. फोनवर दर रविवारी मी त्याला हवा कशी आहे ते विचारत असे.

"आणि शेवटी? अमेयनंतर तो कुणाचं नाव घ्यायचा?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

"म्हण ना," मी म्हणालो.

"कान्ट. पर्ल आंटीने सांगितलंय. आता ते तुम्ही म्हणायचं. नेक्स्ट इयर."

फेरी धक्क्याला लागल्याचा हादरा बसला. खाली गाड्यांचे दिवे लागू लागले. पायऱ्या उतरताना तिने माझी बाही धरली. ओल्या पायऱ्यांवर मी घसरेन म्हणून धरली असावी. खाली पोचताच सोडली.

पुढचे चार दिवस मी रोज संध्याकाळी गॅलरीत उभा राहिलो. कावळे ठरल्या वेळी आले आणि गेले. मी पान ठेवलं नाही. त्याची कोणती इच्छा राहिली होती ते आता मला ठाऊक होतं, पण वचन द्यायची जागा ती नव्हती.

मिरज

आल्या आल्या वसंता आला.

"मग दादा, काय घालू?"

"टेसा घाल. मुलगी."

त्याने चष्मा काढून पुसला. "दादा, तुझं दुःख मला कळतं. पण नियम सगळ्यांना सारखे नकोत का? रक्ताची नाही, विधी करून दत्तकही नाही. उद्या चारजण विचारतील."

"मग काहीच घालू नकोस. जागा कोरी सोड."

"छापील पुस्तकात कोरी जागा?"

"आमच्यात बायकांची सगळी जागा कोरीच आहे," मी म्हणालो. "एवढी वर्षं कुणी विचारलं?"

तो चहा न घेता गेला. अजून त्याचा निरोप नाही. छपाई लांबली आहे, असं ऐकतो.

मी मात्र कामाला लागलो आहे. आमच्या बाराही पिढ्यांतल्या बायकांची नावं शोधतो आहे. आईचं आणि आजीचं होतंच. पणजीचं परगावच्या एका म्हाताऱ्या आत्याला आठवलं. पणजीच्या सासूचं एका जुन्या तांब्यावर कोरलेलं सापडलं. हेळव्यांच्या घरीही जाऊन आलो. तिथल्या आजोबांनी मान हलवली. "बाईचं नाव कोण विचारत नव्हतं, गुरुजी. म्हणून ठेवलं न्हाई." त्यापलीकडे आठ बायका आहेत. बहुतेक सापडणार नाहीत. त्यांच्या ओळीत मी नाव घेण्याऐवजी श्वास घेतो.

डॉक्टरांनी नवी गोळी दिली आहे आणि जिने चढू नका म्हणून सांगितलं आहे. मी रोज सकाळी पाय मोकळे करायला रेल्वे मैदानापर्यंत जाऊन येतो. वर्षभर मी असा जपून कधी वागलो नव्हतो.

रविवारी फोन लावतो. लेलानी स्वयंपाकघरात असते, भांड्यांचा आवाज येतो. टेसा पुन्हा पोहायला जाते, केस ओले असतात. मी नव्या चालीत म्हणतो: विठ्ठल अमकीबरोबर राहिला, नारो जन्माला आला. जिथे बाईचं नाव नाही तिथे मी थांबतो, तीही तिकडे गप्प राहते. कुठे चुकलो तर हात वर करते. असं करत आम्ही खाली येतो. अमेय लेलानीबरोबर राहिला.

मग मी थांबतो आणि पडद्यावर तिच्याकडे पाहतो. ती ओठांवर बोट ठेवून मान हलवते.

"नॉट यट, आजोबा."